धुक्यातली सावकाश चाल

मर्ल प्रोहास्का स्वतः कधीच मोठ्या सामन्यात खेळला नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण तो गेल्यापासून लोक त्याच्याबद्दल वाटेल ते रचतात. तरुणपणी गुडघा गेला. मग काही वर्षं त्याने बिअरचा ट्रक चालवला, मग शाळेतल्या पोरांना फुटबॉल, म्हणजे आमचा हातांनी खेळायचा अमेरिकन फुटबॉल, शिकवला, आणि केस पिकल्यावर आमच्या शहराच्या व्यावसायिक संघात क्वार्टरबॅकचा कोच म्हणून लागला. आमची घरं कुंपणाला कुंपण लागून. त्याची बायको लोर्ना माझी मैत्रीण, त्यामुळे संघातलं सगळं आधी तिच्या स्वयंपाकघरात कळायचं आणि मग वर्तमानपत्रात.

क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात प्रत्येक डावात आधी चेंडू येतो तो. चेंडू आला की समोरून धिप्पाड माणसं त्याला आडवं करायला धावतात. तेवढ्यात त्याने मागे-मागे सरकत लांबवर पळणाऱ्या आपल्या गड्यांपैकी मोकळा कोण हे बघायचं आणि फेकायचं. एवढंच. या ‘एवढंच’मध्ये मर्लची सगळी हयात गेली. जेवणाच्या टेबलावर तो मिठाची आणि मिरीची बाटली गडी समजून सरकवत बसायचा. दुपारी पडवीत डुलकी लागली की झोपेतही त्याचे पाय मागे-मागे जायचे, जणू कुणी चेंडू हातात दिलाय.

पूर्वी त्याच्या हाताखाली कॉर्बिन नावाचा मुलगा आला होता. हात असा, की चेंडू सुटल्यावर स्टेडियम गप्प व्हायचं. पण संघ हरत होता, म्हणून तयार व्हायच्या आधीच त्याला मैदानात ढकललं. इतका बदडला गेला पोरगा, की तो लांबच्या गड्यांकडे बघायचंच विसरला. अंगावर येणाऱ्या माणसांकडे बघायला लागला. क्वार्टरबॅकची नजर एकदा अशी खाली आली, की पुन्हा वर जात नाही. कॉर्बिन आता ॲरिझोनात होड्या विकतो. वाळवंटात होड्या! मर्लला मात्र यात कधी हसू आलं नाही.

मग आला टॅव्हियन ब्रूसार. लुइझियानाचा, बावीस वर्षांचा, आजीने वाढवलेला. प्रत्येक बाईला ‘बाई’ म्हणायचा, प्रत्येक पुरुषाला ‘सर’. मर्लने मुख्य कोचकडून एकच कबूल करून घेतलं होतं: हे वर्षभर पोराला बाकावर बसू द्या.

मंगळवारी खेळाडूंना सुट्टी. त्या दिवशी मर्ल त्याला आमच्या चर्चच्या मोकळ्या गाडीतळावर आणायचा. शरद ऋतूत सरोवरावरून असं धुकं येतं, की चर्चचा मनोरा नुसता तरंगत असल्यासारखा दिसतो. तळघरात आम्ही बायका शुक्रवारच्या पिएरोग्यांच्या, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्यांच्या, कडा दाबत बसलेल्या. मर्ल दारातून हाक मारायचा, “चला गं, गडी कमी पडतात!” आणि आम्ही पिठाच्या हातांनी बाहेर.

पहिल्या दिवशी टॅव्हियन बघतच राहिला. “कोच, चेंडू कुठंय?”

“नाहीये.”

“मग करायचं काय?”

“चालायचं. पळायचं नाही. चेंडू असला की तू हाताचा विचार करतोस. तुझा हात मला बघायचाच नाही, तो चांगला आहे. डोळे कुठे जातात ते बघायचंय.”

मग सगळे चालायचे. सावकाश, झोपेत चालतात तसे, आणि शेवटी टॅव्हियन रिकामा हात उघडून फेकल्यासारखं करायचा. लोर्ना उजवीकडे धुक्यात विरून जायची, आमच्यातल्या ह्रुस्काबाई डावीकडे. ह्रुस्काबाई अंगाने भरपूर. त्या ओरडायच्या, “अरे पोरा, माझ्याकडेच फेक! या शहरात माझ्याएवढं मोकळं कुणी नाही!”

“बाई, तुम्ही दिसताय तर चांगल्याच.”

“दिसणारच! आजीशी असंच बोलतोस का रे?”

मला मर्लने मागे उभं केलं होतं. समोरच्या संघाचा मागचा पहारेकरी. त्याचं काम क्वार्टरबॅकचे डोळे वाचायचं आणि तो फेकायच्या आधीच तिकडे जाऊन उभं राहायचं.

“शाळेत शिकवताना इतकी वर्षं पोरांचे डोळे वाचलेस ना?” मर्ल म्हणाला. “वाच आता.”

वाचायचं काय त्यात! टॅव्हियनला लोर्नाकडे फेकायचं असलं की तो लोर्नाकडेच बघायचा, उघड्या खिडकीसारखा. मी दर वेळी आधीच तिथे. तो चिडायचा. “तुम्हाला कसं कळतं, बाई?”

“तूच सांगतोस की.”

मर्ल म्हणायचा, “जिथे फेकायचं नाही तिथे बघ. मनापासून बघ. नुसतं नाटक केलंस तर कुणी फसणार नाही. आणि अंगावर कोण येतंय ते बघायचं नाही. तो येणारच आहे.”

नोव्हेंबर लागला, संघ हरतच होता. स्टेडियममध्ये लोक टॅव्हियनच्या नावाने ओरडायला लागले. एका संध्याकाळी लोर्नाच्या स्वयंपाकघरात फोन वाजला, मुख्य कोचचा. मर्ल ऐकत राहिला, मग म्हणाला, “अजून त्याचे डोळे तयार नाहीत.”

पलीकडून बराच आरडाओरडा.

“माझी नोकरी गेली तर मी ट्रक चालवीन. पोराची नजर गेली तर ती कुठून आणणार तुम्ही?”

फोन ठेवून तो मिठाच्या बाटलीकडे बघत बसला. लोर्नाने त्याच्या पुढ्यात सूप ठेवलं.

पण तसं कुणाच्या हातात असतं का? सरावात जुन्या क्वार्टरबॅकचा खांदा निखळला, आणि रविवारी टॅव्हियनला उतरावंच लागलं. मर्लने अट घातली, पोराच्या कानात मीच बोलणार. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज येतो, पण डाव सुरू व्हायच्या जरा आधी तो आपोआप बंद होतो. नियमच आहे तसा.

“बंद झाल्यावर मी काय करू, कोच?” टॅव्हियनने मंगळवारी विचारलं होतं.

“चालत राहा.”

सामना आम्ही चर्चच्या तळघरात पिएरोगी करता-करता बघितला. मैदानावर बारीक बर्फ पडत होता, सगळं दुधासारखं पांढरं. पहिल्याच काही डावांत पोराला असं आपटलं, की ह्रुस्काबाईंनी पिठाचाच हात तोंडावर नेला. लोर्ना चेंडूकडे बघतच नव्हती. “डोळे बघ,” ती पुटपुटत होती. “खाली येतायत का? डोळे बघ.” प्रत्येक आपटीनंतर तो उठायचा आणि हेल्मेट वर असायचं. पण किती वेळ?

शेवटचा डाव. जिंकायला हाच एक. टॅव्हियनने नंतर सांगितलं, की मर्लने कानात आधी डाव सांगितला आणि मग त्याच संथ आवाजात एवढंच म्हणाला, “ह्रुस्काबाई डावीकडे उभ्या आहेत.” आणि आवाज बंद झाला.

चेंडू हातात आला. टॅव्हियन डावीकडे बघत होता, बर्फात कुणी ओळखीचं दिसावं तसा. उजवीकडून एक रानगवा त्याच्यावर धावून येत होता, पण त्याने मान वळवली नाही. मागचा पहारेकरी डावीकडे सरकला. अंगावर माणूस आदळता-आदळता टॅव्हियनने उजवीकडे फेकला. तिथला गडी एकटाच उभा होता. चेंडू त्याच्या दोन्ही हातांवर आला. आणि पडला.

हरलो. तळघरात सगळ्यांनी कपाळाला हात लावला, आणि लोर्ना खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवायला लागली. सगळे तिच्याकडे बघताहेत, ही वेडी झाली की काय! तेवढ्यात पडद्यावर स्टेडियमच्या वरच्या काचेच्या खोलीत बसलेला मर्ल दाखवला. कानावर हेडफोन, आणि हसतोय.

त्या हसण्यावरून शहराने त्याला किती शिव्या घातल्या! हरल्यावर हसणारा कोच. जानेवारीत त्याला काढलं, तेव्हा लोक म्हणाले, हसला म्हणून. खोटं आहे. मुख्य कोचसकट सगळ्यांनाच काढलं होतं.

पुढच्या मंगळवारी बर्फ वितळला आणि धुकं आलं. मर्ल सवयीने कॉफी घेऊन गाडीतळावर जाऊन उभा राहिला. आम्ही कडा दाबत होतो, तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

“तुम्ही आता माझे कोच नाही म्हणे,” टॅव्हियनचा आवाज.

“नाही.”

“मग काय म्हणू तुम्हाला?”

“मर्ल म्हण.”

“ते नाही जमणार, सर.”

“मग बोलू नकोस. चाल.”

मर्लने दारातून हाक मारली. आम्ही बाहेर आलो, आपापल्या जागी गेलो. टॅव्हियन मागे-मागे जात होता, सावकाश, आणि त्याचे डोळे ह्रुस्काबाईंवर होते. त्यांनाही वाटलं असावं आपल्याकडेच येतोय, त्या सावरून उभ्या राहिल्या. मला तर खात्रीच होती. मी त्यांच्याकडे सरकले.

टॅव्हियनचा रिकामा हात उजवीकडे उघडला.

धुक्यातून लोर्नाने पिठाचे दोन्ही हात वर केले, छातीशी मिटले, आणि म्हणाली, “घेतला.”