भिंतीपलीकडून आलेले पप्पा

मी असल्या गोष्टींची टर उडवणाऱ्यांपैकी. आम्ही ख्रिस्ती, रविवारची मिस्सा चुकवत नाही, आणि गावची राखण करणाऱ्या, न दिसणाऱ्या राखणदाराचं नाव निघालं की मी गालातल्या गालात हसायचो. म्हणून हे लिहिताना थोडी लाजच वाटते... असो.

आरोंद्याजवळ खाडीला लागून नवं टेक पार्क झालंय – चिप, सेन्सर, सगळं चकाचक. मी तिथले कॅमेरे सांभाळतो. पार्क आणि कांदळवन यांच्यामध्ये उंच भिंत आहे. ती बांधताना गावाने सांगितलं होतं, राखणदाराच्या वाटेवर थोडी फट सोडा. आमच्याकडे घर बांधतानाही लोक त्याची वाट अडवत नाहीत. पण सिक्युरिटीचा नियम म्हणजे नियम. फट राहिली नाही.

माझे पप्पा शाळामास्तर होते. कांदळवनातल्या पायवाटेने शाळेत जायचे, आणि ख्रिस्ती असूनही राखणदाराच्या जागी छत्री मिटून "जातंय हां" म्हणायचे. मी हसलो की म्हणत, "शेजाऱ्याक सांगान गेलंय तर काय बिघडला?" तेव्हा त्यांना विसर पडू लागला होता. कधी कधी माझाही.

पाऊस सरता सरता एका संध्याकाळी मी ड्युटीवर असताना बायकोचा फोन आला – "पप्पा घरात नाय आसत!" आणि स्क्रीनवर बघतो तर पप्पा भिंतीपलीकडे, चिखलात उभे! शाळेची जुनी वाट शोधत असणार. भरती चढत होती, पाणी पोटऱ्यांना लागलेलं. तिथे पोचायचं तर होडी, नाहीतर मेन गेटमधून बाहेर पडून मोठा वळसा. होडीवाल्याला फोन लावला, डोळे स्क्रीनवरच.

पप्पांनी छत्री मिटली. बाजूला वळून कुणाशी तरी बोलले... तिथे कुणीच नव्हतं. मान डोलावली, भिंतीच्या दिशेने चालू लागले आणि कॅमेऱ्याबाहेर गेले.

निदान हाक तरी मारावी म्हणून मी भिंतीकडे धावलो. तर पप्पा आतल्या बाजूला! लॉनवर बसून चपलांचा चिखल गवताला पुसत होते.

"पप्पा, तुमी हयसर कशे इलास?"

"तो बोललो, 'मास्तर, चला, भिजतलास.' इलंय तेच्या वांगडा."

"खंयसून? हय दार नाय!"

"तेका दार कित्याक होया रे? वाट तेचीच मां."

मी त्यांना मिठी मारली आणि चक्क रडलो. नंतर भिंत हाताने चाचपली, कुठे भेग नाही. साहेब म्हणाले, गेटवरच्या गार्डची नजर चुकली असेल. असेल... पण तो वळसा तरण्या माणसालाही तेवढ्या वेळात जमणार नाही. आणि गेटच्या फूटेजमध्ये पप्पा नाहीत.

आता पप्पा मला अजिबात ओळखत नाहीत. पण मी ड्युटीला निघालो की खुर्चीतून सांगतात, "तेका सांग, मास्तरान इचारल्यान म्हणान."

कॅमेऱ्यात दिसणार हे ठाऊक असूनही मी भिंतीसमोर उभा राहतो आणि निरोप सांगतो. त्या संध्याकाळी नेमकं काय झालं, ते मला आजही कळलेलं नाही. पप्पा घरी आले, एवढंच मला माहीत आहे.