निळ्या घराजवळ

मंजूषाबद्दल लिहायचं तर आधीच कबूल करते: ती मला कधी आवडली नाही, आणि यात तिचा काडीचाही दोष नाही.

गोविंदपुऱ्याच्या कारखान्यांपलीकडे, रायसेन रोडच्या कडेला आमची अठरा घरांची वस्ती आहे. ती ना पंचायतीच्या हद्दीत बसायची, ना शहराच्या. वस्तीला नाव नव्हतं, घरांना नंबर नव्हते. चौऱ्याण्णव साली एका छोट्या कारखान्यातल्या कामगारांनी इथे प्लॉट घेतले आणि पहिलं घर बांधलं ते आम्ही. माझे यजमान शांताराम तिथे टर्नर होते. पाच महिने या माळावर आम्ही दोघंच राहिलो. साप मारले, लांबून पाणी आणलं. मग मागच्या बाजूला श्यामभाऊंनी घर बांधलं आणि त्यांची बायको मंजूषा उज्जैनहून आली.

पहिल्याच दिवशी मी दारात उभी, तर म्हणाली, "वहिनी, मी पोहे करून राहिले, खाऊनच जा." मी साताऱ्याची. मला तिच्या मराठीचं हसू आलं. पोहे मात्र माझ्यापेक्षा चांगले होते, हे तेव्हाच खटकलं.

त्या दिवाळीत कारखान्याच्या मालकांनी मशीनना लावायच्या निळ्या ऑइलपेंटचे उरलेले डबे शांतारामना देऊ केले. मी म्हटलं, "आपल्याला काय लेथ मशीनमध्ये राहायचंय?" ते डबे मग श्यामभाऊंकडे गेले. मंजूषानं पदर खोचला आणि सगळं घर स्वतः रंगवलं. माळावर ते असं उठून दिसायचं की रस्त्यावरचे टेंपोवाले ओरडायला लागले, "चलो, नीला मकान वाले उतरो!"

संपलं. तेव्हापासून अख्ख्या वस्तीचा पत्ता तिचं घर. गॅसवाला, पोस्टमन, लग्नाचं आमंत्रण द्यायला येणारे, सगळे तिच्या दारात. तीही हौसेनं प्रत्येकाला पाणी पाजून पुढचं घर दाखवायची. माझ्या आधार कार्डावर "नीले मकान के पास" आहे. माझ्या अमेयच्या लग्नपत्रिकेवरसुद्धा "निळ्या घराजवळ" छापलं. पहिली आले मी, आणि तीस वर्षं मी कुणाच्या तरी जवळ!

गेल्या वर्षी बातमी आली की वस्ती शहराच्या हद्दीत घेणार, सर्व्हे होणार, नावाचा बोर्ड लागणार. नाव काय लागणार ते सगळ्यांना ठाऊकच होतं. माझा जळफळाट झाला. दिवाळीत मी पेंटर बोलावला आणि आमचं घर तस्संच निळं करून घेतलं. आमचं घर रस्त्यालगत, त्यामुळे आधी दिसणार ते आमचं. शांताराम म्हणाले, "सुचेता, हे बरं नाही." मी ऐकलं नाही.

मंजूषा चिडेल म्हणून मी वाट बघत होते. ती आली, घराभोवती फिरली आणि टाळ्या वाजवत म्हणाली, "क्या बात है वहिनी! आता आपली जोडी झाली." असा राग आला म्हणून सांगू!

पण कुरियरवाले माझ्याकडे थांबायला लागले. दोन महिने मी सुखात होते.

संक्रांतीच्या दुपारी मी तिळाच्या वड्या थापत होते. दारात अ‍ॅम्ब्युलन्स थांबली. ड्रायव्हरनं विचारलं, "मरीज कहाँ है? नीला मकान बताया था."

"यहाँ कोई बीमार नहीं है."

"दूसरा कोई नीला मकान है क्या इधर?"

मागे बोट दाखवायला किती वेळ लागला असता? पण हाताला तीळ चिकटलेले, आणि मनात तीस वर्षांचं सगळं. मी म्हटलं, "नहीं. नीला मकान यही है."

तो गाडी वळवून निघून गेला. वडीला सुरी लावते तोच मंजूषाची मुलगी केतकी अनवाणी धावत आली. "काकू, गाडी दिसली का? बाबा पडलेत, बोलत नाहीयेत!"

मी तशीच धावले. पायात चप्पल नाही, हात तेलातुपाचे, रायसेन रोडवर बसगाड्यांमधून ओरडत गेले आणि पुढच्या चौकात गाडी गाठली. श्यामभाऊ लकव्यातून वाचले, पण त्यांचा उजवा हात कायमचा लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर हात राहिला असता.

मंजूषा सगळ्यांना सांगत फिरते, "वहिनी धावल्या म्हणून माझा माणूस वाचला." ड्रायव्हरला मी काय सांगितलं ते तिला माहीत नाही. मी तिला सांगितलेलं नाही.

मार्चमध्ये सर्व्हेवाले आले. त्याआधीच तिनं आपलं घर पांढरं करून घेतलं होतं. "पुन्हा कोणाची गाडी चुकायला नको," म्हणाली. त्यांनी वस्तीचं नाव विचारलं तेव्हा तिनंच मला पुढे केलं. "लिखो भैया, नीला मकान. इनका है. सबसे पहले यही आए थे."

आता बोर्ड माझ्या भिंतीला आहे. मागच्या पांढऱ्या ओट्यावर श्यामभाऊ डाव्या हातानं चहा पितात, ती शेजारी बसून हसत असते. आणि मला अजूनही तिचा हेवा वाटतो, कारण ती मोकळ्या मनानं हसू शकते.

माझ्या दारात रोज कोणीतरी गाडी थांबवून विचारतं, "नीला मकान यही है क्या?"

मी सांगते, "हाँ. यही है."