दोरी कोण ओढणार?

"ब्रॉन्कियल अस्थमा," डॉक्टर म्हणाले. म्हणजे दमा. श्वासनळ्या आवळतात आणि माणूस भर हवेत बसून हवेला महाग होतो. मला वाटत होतं, खडोलीच्या कारखान्यातली धूळ आहे, गुळाने उतरेल. एव्हाना किलोभर गूळ मी संपवला होता.

त्यांनी नेब्युलायझर लिहून दिला. औषधाचे तुषार करून मास्कमधून देणारं विजेचं यंत्र. तेवढ्यात दवाखान्यातला पंखाच बंद पडला. वर बघत डॉक्टर म्हणाले, "पेट्रोलवरचं छोटं जनरेटरही घ्या. चालवाल ते मात्र घराबाहेर."

मी पडलो मेंटेनन्सचा सुपरवायझर. 'छोटं' हा शब्द मी कानाआड केला. आमच्यात आजचा विजेचा लोड काढून वर पुढचाही धरायची पद्धत. नेब्युलायझर, पंखा, फ्रिज, मिक्सर, शिवाय कधीतरी बांधायच्या बंगल्याचा पाण्याचा पंप. जे मशीन आलं, ते डोकमर्डीच्या आमच्या घरामागे ठेवायला चार माणसं लागली.

पुढच्या रविवारी दुपारी लाइट गेली आणि दमा उसळला. मी मागच्या ओट्यावर जाऊन मशीन चालू करायची दोरी ओढली. मशीन ढिम्म. दुसऱ्यांदा ओढली आणि मीच खाली बसलो. छाती शिट्टी वाजवत होती. मी मरणार असं मला खरंच वाटलं.

"सरका बाजूले," सुनंदा म्हणाली. माझी बायको धुळ्याकडची. एका हाताने मला सावरत तिने दुसऱ्या हाताने ओढून पाहिलं, जमेना. मग मला भिंतीला टेकवून, मशीनवर पाय रोवून दोन्ही हातांनी ओढत राहिली. सातव्या झटक्याला ते सुरू झालं. मला आत नेऊन तिने मास्क लावला. मी रडलो, ती हातांच्या फोडांवर फुंकर घालत बसली.

सोमवारी तीच मला दुकानात घेऊन गेली. मला स्टुलावर बसवलं, बोलायची बंदी. एकेका जनरेटरची दोरी ती डाव्या हाताने ओढून बघू लागली.

गुजराती दुकानदार कळवळला, "बेन, वॉट तो पूछो!"

"वॉट यांना विचारा. मला दोरी दाखवा."

पहिल्या झटक्याला सुरू झालं ते सगळ्यात लहान. त्यावर नेब्युलायझर आणि एक दिवा चालतो. मोठं दुकानदाराने परत घेतलं.

माझ्यासारख्या दमेकऱ्यांना एवढंच सांगतो, जनरेटर घ्यायला एकटे जाऊ नका.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, "डाव्या हातानेच का ओढत होतीस?"

"लाइट गेल्यावर तुम्ही काय घरात बसणार आहात? याल मागोमाग शिकवायला," ती म्हणाली. "उजव्या हातानं तुम्हाला धरावं लागंल ना."