तिच्या हातावरचा मांडा

शेजारणीच्या हातावर मांडा पसरायला लागला की माझ्या पोटात दुखायचं. हे लिहायला लाज वाटते, कारण तिनं माझं कधी काही वाईट केलं नाही.

आम्ही दोघी जळगावात एकाच दवाखान्यात मावशी होतो. फरशी पुसायची, चादरी बदलायच्या, म्हाताऱ्या पेशंटला धरून तपासणीच्या खोलीपर्यंत न्यायचं. मी सातवीनंतर शाळा सोडलेली. माहेर साक्रीच्या पलीकडे, धुळ्याला गाडी बदलून जायचं. वर्षातून दोनदा जाणं झालं तरी पुष्कळ. लग्न होऊन इथं आले आणि दवाखान्यात काम मागायला गेले, तेव्हा मला अर्ज लिहिता येईना. डॉक्टरबाईंनी तो स्वतः लिहिला आणि मला खाली सही करायला लावली. तो उपकार मी विसरलेले नाही. कुणी पाहत नसताना त्यांच्या केबिनच्या दाराला हात लावून तो कपाळाला लावायचे.

शेजारीण फैजपूरकडची. दोन वर्षांपूर्वी तिनं काम सोडलं आणि लग्नाघरी खापराचे मांडे करून द्यायला लागली. मांडा म्हणजे आमच्याकडची पुरणपोळी, पण ती लाटून होत नाही. सैल कणकेत पुरण भरायचं, गोळा या हातावरून त्या हातावर घेत कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायचा. मला ते लहानपणापासून येतं. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई मला चुलीशी बसवायची. माझा मांडा शेजारणीच्या मांड्यापेक्षा पातळ होतो, हे मी कुणाला सांगितलं नाही तरी मला ठाऊक होतं. ठाऊक असून उपयोग काय? ती गल्लीत मांडेवाली अक्का झाली होती आणि मी अजून 'ओ मावशी, इथं पाणी सांडलंय' एवढीच होते.

तिच्याकडे कुणी आमंत्रण घेऊन आलं की मी खिडकीचा पडदा नीट करायच्या निमित्तानं उभी राहायचे. आईला फोनवर म्हटलं, मीही सोडू का नोकरी? आई म्हणाली, "नोकरी शे ना, पोरी? मंग गप बैस. बठ्ठास्ले भेटस नही." नोकरी सगळ्यांना मिळत नाही, हे तिचं नेहमीचं.

आणि तेव्हाच डॉक्टरबाईंनी विचारलं, "वरचा मजला सुरू होतोय. तू कामावर राहणार असशील तर तिथं तुझं नाव घालते. सोमवारी सांग."

रविवारी असोद्याला लग्नाघरी मांडे होते. शेजारीण शनिवारी दारात येऊन म्हणाली, "येती का व? चुली दोन आहेत आन् मी एकटी." मला वाटलं, दया दाखवतेय. तरी गेले.

मांडवामागे दोन चुली शेजारी शेजारी. कपाशीच्या पऱ्हाट्या फडफड पेटत होत्या. तिचा पहिला मांडा खापरावर पडला आणि बायका म्हणाल्या, वा! मग मी गोळा घेतला. तिच्याहून मोठा करायचा, एवढंच डोक्यात. पसरवत गेले, पसरवत गेले. मांडा कोपराच्या वर चढला. खापरावर टाकला तर चारी बाजूंनी लोंबला, फाटला आणि पुरण थेट जाळात. करपलेल्या गुळाचा धूर सगळ्या मांडवात.

"अक्का, ही कुठून आणली?" घरधनीण म्हणाली. "आमच्या पाहुण्यांच्या आधी चुलीलाच जेवू घातलं हिनं."

सगळ्या हसल्या. शेजारीण हसली नाही. तिनं कोयत्याच्या पाठीनं माझं खापर खरवडलं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि हळूच म्हणाली, "खापराकडे पाह्य व. माह्या हाताकडे काय पाहती?"

तिला कळलं होतं तर. त्या क्षणी ती मला सगळ्यांत जास्त नकोशी झाली. पण त्यानंतर मी मान वर केली नाही. खापर जेवढं तेवढाच मांडा. दहावा-बारावा झाल्यावर हाताला जुनी सवय सापडली.

पंगतीत एका आबांनी मांडा उजेडासमोर धरला. "यातून तर पलीकडचं दिसतंय! कोणाच्या हातचा?"

"मांडेवाल्या अक्काचा," वाढणारी म्हणाली.

तो माझा होता. घडी मी घातली होती, मला ओळखू येत होती. शेजारीण तेव्हा नळावर हात धूत होती, तिनं ऐकलंसुद्धा नाही. मी पुढच्या मांड्याची घडी घातली. परतीच्या रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली आणि मी नुसती जळत बसले.

जळता जळताच मला दिवाळी आठवली. माझ्यानंतर कामाला लागलेल्या बाईला दवाखान्यात सगळ्या मावशांची मुख्य केलं होतं. मी टाळ्या वाजवल्या, पेढा खाल्ला, घरी येऊन स्वस्थ झोपले. तिथं मला कुणाचं काहीच नको होतं. आणि इथं एका मांड्याचं नाव चुकलं तर डोळ्याला डोळा लागत नव्हता.

सोमवारी डॉक्टरबाईंना सांगितलं, नोकरी सोडते. त्यांनी चष्मा काढला. "नक्की ना? परत आलीस तर जागा असेलच असं नाही."

"हो, बाई."

त्यांनी सवयीनं कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं. मी म्हटलं, "द्या, हा अर्ज मी लिहिते." चार ओळींना बराच वेळ लागला. त्या थांबल्या. बाहेर पेशंट खोळंबले होते तरी थांबल्या.

घरी जाताना कुंभाराकडे वळले आणि खापर मागितलं.

"केवढं पाहिजे?"

मी शेजारणीचं नाव सांगितलं. तिचं खापर त्यानंच घडवलं होतं.

"तेवढंच देऊ?"

"नाही," मी म्हटलं, "बोटभर मोठं."