कुठी चालले?

जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरांत आमच्यासमोर एक फिटर राहायचे, मूळचे करडी गावचे. दर उन्हाळ्यात होल्डॉल आणि घरच्या तांदळाची पिशवी घेऊन ते एकटेच परदेशी निघत. एकदा बोटीनं सिलोन केलं, एकदा नेपाळ. मुक्काम धर्मशाळेत, जेवण तीन दगडांच्या चुलीवर.

मात्र निघताना कोणी "कुठी चालले?" विचारलं की अपशकुन! लगेच मागे फिरायचं, घटकाभर बसायचं, पाणी पिऊन पुन्हा निघायचं. म्हणून कंडक्टरनं तोंड उघडायच्या आत ते ओरडत, "एक नागपूर!" पुढे प्रत्येक गाडीत हेच.

नेपाळच्या नाक्यावर शिपायानंच आधी विचारलं, "कहाँ जा रहे हो?" हे मागे फिरले, झाडाखाली बसले, पाणी पिऊन परत आले. त्यानं पुन्हा विचारलं, हे पुन्हा झाडाखाली. शेवटी त्याला संशय आला आणि त्यानं पिशवी उपडी केली. निघाले नुसते तांदूळ.

"मग काय केलं, काका?" मी विचारायचो.

"काय करतो? तेच तांदूळ उचलून भात रांधला, त्यालेबी वाढला. जेवता जेवता सांगून टाकलं, काठमांडूले जाऊन राहिलो, आता इचारू नको बाप्पा!"

पुढे गुडघ्यांनी त्यांचं फिरणं बंद केलं. तरी संध्याकाळी ते कोपऱ्यापर्यंत जायला निघत आणि आमच्या दारापुढे आले की उगाच रेंगाळत. मी मुद्दाम हाक मारायचो, "कुठी चालले, काका?"

"इचारलंच ना शेवटी!" म्हणत ते खुशीत ओट्यावर बसायचे. पाणी आणलं तर म्हणायचे, "चहा नाही का?"