दीपालीने तपासलेला नमुना

दीपाली मेश्राम भंडाऱ्याची. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये, शाळा मराठी माध्यमाची. एम.ए.ला आम्ही एका बाकावर बसायचो. आता वारज्यात एका खोलीत राहतो. बोलताना चुकली की ती तिथेच थांबते आणि वाक्य दुरुस्त करून पुन्हा म्हणते. भांडतानासुद्धा.

आम्ही दोघी इंग्रजी शिकवणाऱ्या एका कंपनीत आहोत. शिकणाऱ्यांना मार्केट यार्डातल्या हमालांचं एक चित्र दाखवतात. ते त्यावर बोलतात. बोलणं जसंच्या तसं टाइप होतं, नाव काढून नंबर टाकला जातो; त्या कागदाला आम्ही नमुना म्हणतो. मग आम्ही प्रत्येक चुकीला कोड लावतो. काळाची चूक, वचनाची, शब्दाची. बोलणाऱ्याने लगेच स्वतः सुधारलेली चूक धरायची नाही, असा नियम आहे. पण कमी चुका निघाल्या की आमचे प्रमुख माधव सर विचारायचे, "झोप झाली का?" त्यामुळे सगळे त्याही चुका धरू लागले. दीपाली सगळ्यांत जास्त.

यंदा ट्रेनरची जागा निघाली. कायमची. दीपालीचं कंत्राट मार्चमध्ये संपत होतं आणि भंडाऱ्याला तिच्यासाठी मुलगा बघून ठेवला होता. तिने अर्ज केला. अर्जासोबत तिच्या इंग्रजीचं रेकॉर्डिंग झालं. चित्र तेच.

काही आठवड्यांनी सरांनी तिच्याकडे ट्रेनरच्या एका अर्जदाराचा नमुना तपासायला दिला. तेच हमाल, तीच पोती. रोज तेच वाचून कुणाचं वाक्य कुणाचं, हे आम्हाला कळेनासं झालेलं असतं. तिने तो कोडांनी भरून टाकला. शेरा लिहिला: पाया कच्चा, शिकवण्याचं काम देऊ नये.

सर तो कागद घेऊन आमच्या टेबलापाशी आले.

"मेश्राम मॅडम, हे आपणच तपासलंत?"

"हो सर."

"नीट?"

"दोनदा बघितलं, सर."

"छान. बोललंयही आपणच."

तिने कागद घेतला. वाचताना तिचे ओठ हलत होते. पलीकडे कुणीतरी हसलं.

"सर, यातल्या बऱ्याच चुका मी लगेच सुधारल्यात. त्या धरायच्या नसतात."

"म्हणजे तपासणी चुकली?"

तिने कागद उलटून आपलाच शेरा पाहिला.

"सोपं आहे," सर म्हणाले. "तपासणी चुकली असेल, तर मार्चनंतर आपण येण्याची तसदी घेऊ नका. तपासणी बरोबर असेल, तर आपल्याला इंग्रजी येत नाही. ट्रेनर होता येणार नाही, पण तपासायला राहा. सावकाश ठरवा. माझा चहा यायचाय."

चहा आला. सरांनी तो तिथेच उभं राहून प्यायला.

"तपासणी बरोबर आहे, सर," दीपाली म्हणाली.

बसमध्ये मी तिला विचारलं, "नियम तुझ्या बाजूने होता. अडून का नाही राहिलीस?"

"काहून अडू? तिकडे जाऊन त्या मुलाला नियम दाखवू?"



एप्रिलमध्ये नव्या मुली आल्या. सरांनी त्यांना सरावाला दीपालीचाच नमुना दिला. उत्तर म्हणून तिचीच तपासणी धरायची आणि मुलींचे कागद तिनेच बघायचे, असं ठरलं. मुलींना ठाऊक नव्हतं की बोलणारी कोण. त्यांच्यात श्रद्धा नावाची एक होती. तिने नियम वाचला होता.

"मॅडम, ही चुकते, पण लगेच सुधारते पण. मग धरायची कशाला? मला तर ही बाई बरी वाटली. आमच्या कॉलेजच्या सरांपेक्षा बरी."

मुली हसल्या. दीपाली हसली नाही. सर दारात उभे होते.

"उत्तराशी जुळत नाही," दीपाली म्हणाली.

"पण मॅडम, नियमात..."

"चूक ती चूक. आधी झाली ना?"

श्रद्धाने माझ्याकडे पाहिलं. मी दाराकडे पाहिलं. दीपालीने तिचा कागद ओढून घेतला, न लावलेले कोड एकेक करून लावले, आणि तिला नापास केलं.