दोन बोटांच्या फटी

परसातल्या लाकडाच्या खोपीचा विषय निघाला की हे पाहुण्यांना सांगायचे, "हिनं हट्ट धरला, म्हाताऱ्यानं बांधली आणि मी बिघडवली." एरवी तोंडातून शब्द काढायला महाग माणूस, पण हे मात्र न चुकता सांगायचे आणि पाहुणे हसायचे. मला राग यायचा. माझा राग नाकाच्या शेंड्यावर, हे सगळ्या गोतावळ्याला ठाऊक आहे, पण ह्या रागाला कारण होतं. त्यांचं सांगणं अर्धंच होतं. उरलेलं अर्धं ते असेपर्यंत मी कुणाला सांगितलं नाही.

जव्हार संस्थान विलीन झालं तेव्हा हे तिथल्या कचेरीत कारकून होते. बसायची जागा तीच राहिली, टाक-दौत तीच राहिली, फक्त कागदावरचा शिक्का बदलला, असं ते म्हणायचे. मग काही महिन्यांतच बदलीचा हुकूम आला. खोडाळ्याला, धान्याच्या सरकारी गोदामावर. जव्हारचा बाजार, ओळखीची माणसं, घरासमोरचा सपाट रस्ता सोडून मी बैलगाडीत बसले ती तोंड फुगवूनच.

गोदामानं ह्यांचा स्वभाव पार बदलून टाकला. भाताची आणि नागलीची पोती ओल, घूस आणि वाळवीपासून जपायची, हे त्यांचं काम. भिंतीत कुठे फट दिसली की माती-शेण कालवून ती बुजवायची. हळूहळू ते घरातही फटी शोधायला लागले. दाराखालची, खिडकीच्या चौकटीजवळची, कुडाच्या कोपऱ्यातली. जेवताना घास हातात धरून भिंतीकडे बघत बसायचे. मी म्हणायचे, मी काही पोतं नाही, मला जरा वारा लागू द्या. ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

खोडाळ्यातल्या पहिल्याच पावसात माझं पहिलं बाळंतपण झालं. माहेरी जायचं ठरलं होतं, पण पाऊस लवकर आला, रस्ता बंद झाला आणि मी तिथेच अडकले. सूर्यमाळच्या वाटेवरच्या एका पाड्यातली म्हातारी सुईण आली. मुलगा झाला. अंगानं अगदी लहान, दिवस भरायच्या आधीच आलेला. त्याला ऊब हवी होती, आणि घरात धड पेटेल असं एक लाकूड नव्हतं. सरपण पडवीत रचलेलं होतं, वाऱ्याबरोबर पाऊस आडवा आत यायचा आणि सगळा ढीग भिजून जायचा. सुईण फुंकून फुंकून दमली. खोली धुरानं भरायची आणि शेगडीत निखारा म्हणून पडायचा नाही. तिनं लुगड्याच्या पदरात गुंडाळून त्याला पोटाशी धरलं, सारा दिवस तशीच बसून राहिली. तिसऱ्या दिवशी मूल गेलं.

हे त्याला घेऊन गेले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्यांचा जुडगा उचलून गोदामावर गेले. त्या दिवशी नाही आणि त्यानंतर दोन वर्षंही त्या मुलाचा उल्लेख त्यांच्या तोंडून निघाला नाही. मी मनात गाठ मारून ठेवली की ह्या माणसाला काही लागत नाही. त्या गाठीवरच आमचा संसार चालला होता. मी वाढायचे, ते जेवायचे.

तिसऱ्या वर्षी होळीच्या सुमाराला मला पुन्हा दिवस असल्याचं पक्कं झालं. श्रावणात येणार होतं. म्हणजे पुन्हा भर पावसात. ह्या खेपेला माहेरी कुणी करणारं उरलं नव्हतं, तेव्हा जायचा प्रश्नच नव्हता. मी ह्यांना एवढंच सांगितलं की मला परसात सरपण ठेवायला लाकडाची खोप हवी, पाऊस सुरू व्हायच्या आत हवी, आणि नाही झाली तर मी स्वतः कुदळ घेईन. ते हो म्हणाले. इतक्या चटकन हो म्हणतील असं वाटलं नव्हतं, त्यामुळे भांडायची तयारी वाया गेली.

सुईणीचा नवरा खोपी बांधण्यात हुशार. त्याला निरोप धाडला. पूर्वी जंगलातून लाकूड आणायची रीत वेगळी होती, आता पास लागायचा. तो ह्यांनी मोखाड्याला दोन हेलपाटे घालून आणला. म्हातारा ऐनाचे सहा खांब घेऊन आला. जमिनीत पुरायची टोकं त्यानं आधी जाळावर धरून काळी केली, म्हणजे वाळवी लागत नाही. जागा त्यानं स्वतः निवडली. बाळंतिणीच्या खोलीच्या खिडकीसमोर, आठ-दहा पावलांवर. पावसात बाईमाणसाला लांब जायला लागू नये, म्हणाला.

छपरावरून पहिली कुरबुर झाली. ह्यांनी कागदावर आकृती काढली होती, पट्टीनं आखून, नीटस आणि जवळजवळ सपाट. म्हाताऱ्यानं कागद उलटा धरून बराच वेळ पाहिला आणि आदरानं परत दिला. मग त्यानं घराकडचे तीन खांब उंच ठेवले आणि मावळतीकडचे तीन इतके बुटके की छपराची कड माझ्या गुडघ्याशी आली. एकच पाख, म्हणजे छपराला एकाच बाजूला उतार, तोही उभा. मांजर चढलं तर घसरून खाली आलं पाहिजे, असा त्याचा हिशेब. पाऊस मावळतीकडून येतो, तो त्या छपराच्या पाठीवर आपटेल आणि सरळ जमिनीला जाईल. वर गवत शाकारलं, खाली दगडांवर आडवी लाकडं टाकून जमीन उचलून घेतली. हे सगळं ह्यांना पटलं. पण भिंतींना म्हाताऱ्यानं लावल्या त्या लाकूड चिरताना सालीकडच्या उरलेल्या फळ्या, वेड्यावाकड्या, आणि दोन फळ्यांमध्ये दोन-दोन बोटांची फट सोडलेली. ह्यांच्या जिवाची घालमेल सुरू झाली. फळ्या अजून जवळ घ्या, ते सारखं सांगत राहिले. म्हाताऱ्यानं हातातली कुऱ्हाड खाली ठेवली.

"फट राहू दे, साहेब," तो म्हणाला. "लाकूड पन दम घेतं."

जाण्याआधी त्यानं मला एक गोष्ट दाखवली. सरपणाचा तुकडा उचलून त्यानं आपल्या गालाला लावला. हाताला कळत नाही, गालाला ओल कळते. मीही लावून पाहिला. उन्हात वाळलेलं लाकूड गालाला उबदार लागतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पुढे शेतात पालापाचोळा जाळून राब भाजायचे, पेरणीचे दिवस आले आणि म्हातारा आपल्या पाड्याला निघून गेला.

मी सूर्यमाळकडून येणाऱ्या बायांकडून मोळ्या घेतल्या आणि खोप गळ्यापर्यंत भरली. मग एका रविवारी हे सदरा काढून परसात बसले आणि फटी बुजवायला लागले. माती, शेण, भाताचा कोंडा, अगदी गोदामासारखं. खोटं कशाला सांगू, शेण मीच कालवून दिलं. थेंबभर पाणी आत जाणार नाही ह्या कल्पनेनं मलाही बरं वाटत होतं. संध्याकाळपर्यंत चारी भिंती गुळगुळीत झाल्या. ह्यांनी दारही लिंपून घट्ट बसवलं आणि चारी बाजूंनी हिंडून पाहिलं. मी त्यांना इतकं समाधानी फार कमी वेळा बघितलं आहे.

आषाढ अर्धा झाला असेल. मला आठवा संपत आला होता. घरात ठेवलेलं सरपण संपलं म्हणून मी खोपीचं दार पहिल्यांदा उघडलं. आतून उबट, आंबूस वास आला. ढिगावर हात ठेवला तर लाकडं चिकट लागली. काहींवर पांढरी बुरशी धरली होती. बायांनी आणलेल्या मोळ्यांत ओली लाकडंही होती, ती मी घाईत तशीच आत टाकली होती. त्यांची ओल बाहेर जायला वाटच नव्हती, ती वाळलेल्या लाकडांतही उतरली होती. बाहेरचा थेंब आत आला नव्हता, हे खरं.

त्याच दिवशी सुईण मला तपासायला आली होती. तिनं एक लाकूड उचलून गालाला लावलं आणि परत ठेवलं. "ह्याला घाम आलाय, बाय," ती म्हणाली. "हे जळायचं नाय."

त्यापुढचं मला सलग आठवत नाही. मी घरातून कोयता आणला आणि घराकडच्या भिंतीची माती खरवडायला लागले. सुईण नको नको म्हणत होती. मोठं पोट घेऊन मी फळीफळीतली माती काढत होते, रडत होते आणि ह्यांना नावं ठेवत होते. पावसाची भुरभुर चालू होती. एवढ्यात जेवायला म्हणून हे आले आणि छत्री घेऊन तसेच उभे राहिले.

मी त्यांना म्हटलं, "मलाही गोदामात घाला आणि वरून लिंपून टाका. तुम्हाला काय, उद्या सकाळी किल्ल्या घेऊन कामावर जाल."

असं बोलू नये हे बोलताना कळत होतं. मग छत्री मिटून त्यांनी भिंतीला टेकवली. म्हणाले, "मागच्या खेपेला पाणी आत आलं होतं. ह्या खेपेला थेंब येऊ नये, एवढंच होतं माझ्या मनात."

मागची खेप. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते तोंडातून काढलं. मी कोयता हातात धरून उभी राहिले. त्यांनी तो माझ्या हातून घेतला, मला पडवीत बसायला सांगितलं आणि उरलेल्या तिन्ही भिंती एकट्यानं मोकळ्या केल्या. त्या दिवशी गोदाम दुपारी उघडलंच नाही.

मग रोज सकाळी ते खोपीत जाऊन लाकडं उलटीपालटी करायचे. ओली वेगळी, कमी ओली वेगळी. फटींतून वारा भणाणत जायचा. पाऊस मात्र छपराच्या त्या उभ्या उतारावरून ओघळून जमिनीलाच जायचा, फळ्यांना फक्त शिंतोडे लागायचे. चांगली लाकडं ते घरात आणून चुलीवरच्या माळ्यावर ठेवायचे आणि खाली आणताना प्रत्येक लाकूड गालाला लावून बघायचे. चष्मा लावलेला, टोपी घातलेला माणूस लाकडाला गाल लावून उभा. दुसरी वेळ असती तर मी हसले असते. पण श्रावण जवळ येत होता आणि खरंच वाळतील की नाही, हे दोघांनाही सांगता येत नव्हतं.

श्रावणातल्या एका सकाळी, बाहेर धुकं दारापर्यंत आलेलं असताना, मुलगी झाली. हीही अंगानं बारीकच. सुईणीनं दार किलकिलं करून लाकडं मागितली. ह्यांनी कवळभर आणून उंबऱ्यावर ठेवली आणि ते बाहेर गेले. सुईणीनं शेगडी भरली, खालून काटक्या पेटवल्या, एकदा फुंकर घातली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. दुसरी फुंकर तिला घालावी लागली नाही. धूर झाला नाही. निखारे लाल झाले आणि तिनं शेगडी माझ्या खाटेखाली सरकवली. ऊब पाठीला लागली तेव्हा माझं अंग सैल पडलं. मुलगी झोपली होती, तिचे पाय गरम होते.

"लाकूड पेटलं, दादा," सुईणीनं खिडकीतून बाहेर सांगितलं.

पावलं खोपीकडे गेली, दार वाजलं. मग थोड्या वेळानं मला आवाज ऐकू आला. आधी वाटलं, कुणी लाकूड ओढतं आहे. मग कळलं. हे आत, लाकडांमध्ये बसून रडत होते. मुलगी झाली म्हणून कुणी तसं रडत नाही. तीन दिवसांच्या त्या मुलासाठी दोन वर्षं आत धरलेलं रडणं होतं ते, आणि ते कुणाला ऐकू जाऊ नये म्हणूनच ते तिथे गेले होते.

सुईण माझ्याकडे बघून उठायला लागली. मी तिला हातानं खाली बसवलं. खिडकी उघडीच राहू दिली आणि त्यांचं रडून होईपर्यंत त्या दोन बोटांच्या फटींतून येणारं सगळं ऐकत पडून राहिले. माती तशीच राहिली असती, तर ह्या माणसाला काही लागत नाही असं मी आजही म्हणत असते.